दादाची दारू सुटली, आता नुसत्या ओपीडीवर भागंल का?

पाथरीकर:
राम राम मंडळी. थोरला भाऊ महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलाय. निघताना तिथल्यांनी सांगितलं की आता ओपीडीत दाखवत राहा अन् गोळ्या चालू ठेवा. सोयाबीन काढणीला आलंय, परत भरती करणं जमत नाही, दादाबी नको म्हणायलाय. पण जाऊन येऊन हे टिकतं का? गावातले म्हणायलेत तिथं नुसती चिठ्ठी लिहून देतेत. आत्याचं तिसरंच, एक पावडर मिळते ती चहातून गुपचूप द्या म्हणे, अन् वहिनीला तेच पटायलंय.

अंबाजोगाईची ताई:
भाऊ, पावडर अजिबात नको. तसल्या पुडीत काय असतं कुणाला ठाऊक. डायसल्फिराम, म्हंजी दारू सोडवायला देतेत ते औषध, असलं अन् त्यावर माणूस प्याला तर तोंड लालबुंद, धडधड, उलट्या, बीपी खाली, जीवावर बेततं. हीच गोळी डॉक्टरबी देतेत पण माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं, लिव्हर तपासून. बंद केल्यावरसुद्धा १४ दिवसांपर्यंत दारू चालत नाही. आमच्या घरी मालक सकाळी चहाच्या आधी सासूबाईंसमोर स्वतःच्या हातानं गोळी घेतेत, कुणी तोंड उघडून बघत नाही, त्यानं त्यांचा मान राहतो. अन् नुसती चिठ्ठी नसते हो, समुपदेशक बाईंनी पहिलाच प्रश्न केला, पैसे हातात कधी येतात? आमची ऊसतोडीची उचल अन् बाजाराचा दिवस, हेच दोन घोटाळ्याचे दिवस निघाले. आता उचल माझ्या खात्यावर येते, त्यांनीच मुकादमाला सांगितलं.

नांदेडहून:
ताईंचं बरोबर. ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशीबी औषधं आहेत, कोणतं चालंल ते लिव्हर-किडनीचे रिपोर्ट बघून ठरतं, दुसऱ्याची गोळी आणून देऊ नका. सरकारी मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग गाठा, आमच्याकडं नांदेडला आहे, लातूर, अंबाजोगाई अन् संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यातबी आहे. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६, फोन फुकट, मराठीत बोलतेत. एक ध्यानात ठेवा, दादा परत रोज प्यायला लागले तर घरात कोंडून एकदम बंद करू नका. दोन दिवसांच्या आत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम व्हायला लागतो, तेव्हा ओपीडी नाही, सरळ भरती. पण एखाद्या दिवशी पाय घसरला म्हणून सगळं वाया गेलं असं समजून ओपीडी सोडू नका, त्याच आठवड्यात दाखवा. डायसल्फिराम चालू असताना प्याले तर मात्र वाट बघायची नाही, लगेच दवाखाना.

पाथरीकर:
ताई, वहिनीला तुमचं वाचून दाखवलं, पावडरीचा विषय बंद. दादा म्हणतो गोळी घेतो पण आईसमोर नको, वहिनीसमोर घेतो. चालंल ना?

अंबाजोगाईची ताई:
चालंल की, त्यांनी निवडलं हे लई बरं. फक्त वहिनींना एकदा सोबत न्या, डॉक्टर त्यांच्याशीबी बोलतेत, त्यांच्याबी मनात लई साचलेलं असतंय.