केस इंटरव्ह्यूत चूक झाली तर कबुली देत बसू नका

सरळरेघ (धागाकर्ता)

कन्सल्टिंगच्या (कंपन्यांना सल्ला देणाऱ्या फर्मच्या) केस इंटरव्ह्यूची, म्हणजे एखाद्या धंद्याचा प्रश्न समोर ठेवून तो सोडवायला लावणाऱ्या मुलाखतीची, तयारी करणाऱ्याला एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो. चूक झाली तर घाबरायचं नाही, मोकळेपणाने कबूल करायची, चुकून सावरणारे लोक इंटरव्ह्यूअरला आवडतात. मला हा सल्ला पटत नाही. त्यातला 'घाबरू नका' हा भाग निरुपयोगी आहे (सांगून कोण घाबरायचं थांबतं?) आणि 'कबूल करा' हा भाग बऱ्याचदा घात करतो.

केस म्हणजे साधारण अर्धा तास. तेवढ्यात अनोळखी धंद्याचा प्रश्न समजून घ्यायचा, स्ट्रक्चर (प्रश्नाची कोणत्या भागांत फोड करायची ती मांडणी) ठरवायचं, एकदोन तक्ते वाचायचे, कॅल्क्युलेटरशिवाय आकडेमोड करायची आणि शेवटी शिफारस द्यायची. मधेच 'अरे, सॉरी सॉरी, माझं चुकलंच, एरवी माझं गणित बरं आहे, आज काय होतंय कळत नाही' अशी टकळी सुरू झाली की वेळ तर जातोच, वर समोरच्याचं लक्ष केसवरून उडून उमेदवाराच्या अवस्थेकडे वळतं. मग तो आकडे ऐकायचं सोडून धीर द्यायला लागतो. आणि ज्याला धीर द्यावा लागतो त्याला क्लायंटपुढे कोण उभं करणार?

माझं म्हणणं असं की आधी चुकीने उत्तर पालटतं का ते बघा. समजा स्थिर खर्च १ कोटी २० लाख आणि एका नगामागे ४० रुपये सुटतात. म्हणजे ब्रेकइव्हनला (खर्च जेमतेम भरून निघायला) ३ लाख नग. बाजारच वर्षाला २ लाख नगांचा असेल तर या धंद्यात पडू नका, हे उत्तर. घाईत कोणी ४० चे ४०० धरले तर ३० हजार नग येतात आणि शिफारस उलटी होते. अशी चूक बोलावीच लागेल. पण बाजार २ लाखांऐवजी २ लाख १० हजार धरला गेला, तर शिफारस तीच राहते. तिथे तोंड उघडू नका. पुढच्या पायरीला बरोबर आकडा वापरा आणि चला.

आणि स्ट्रक्चरच चुकलं असेल तर कबुलीने काहीही सावरत नाही. सावरल्याच्या सगळ्या गोड गोष्टी एखादं शून्य सरकल्याच्या असतात. नफा का घटला असं विचारलेलं असताना कोणी खर्चाचंच झाड (फांद्या पाडून केलेली फोड) काढत बसला आणि उत्पन्नाकडे फिरकलाच नाही, त्यातून तो सावरला, अशी गोष्ट कधी कोणी सांगत नाही.

उलटतपासणी

'तोंड उघडू नका' याला ठाम असहमती. मी काही वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो आहे, म्हणून लिहितो.

न बोलता दुरुस्त केली की चूक कोणाच्या लक्षात येत नाही, असा धागाकर्त्यांचा समज दिसतो. माझ्यापुढे उत्तराचा कागद असतो आणि मधल्या पायऱ्यांचे आकडे त्यावर असतात. २ लाख १० हजार ऐकल्या क्षणी मला कळलेलं असतं. पुढच्या पायरीला एकदम २ लाख आले की मला तीन शक्यता दिसतात. लक्षात आलं आणि लपवलं, लक्षात आलं पण सांगायचं सुचलं नाही, किंवा दोन्ही वेळा आकडा हवेतून आला. यातली एकही उमेदवाराच्या बाजूची नाही.

चूक झाली ही नोंद मी करतो, पण तिच्याहून महत्त्वाची नोंद वेगळी असते. समजा चष्म्यांची वार्षिक मागणी काढायला दिली. ५० लाख लोकसंख्या, ४० टक्क्यांना चष्मा, दर दोन वर्षांनी नवा, म्हणजे वर्षाला १० लाख. कोणाचं शून्य सरकतं आणि १ कोटी येतात. एक उमेदवार १ कोटी लिहून 'आता पुढे काय' म्हणून माझ्याकडे बघतो. दुसरा थांबतो आणि म्हणतो, "म्हणजे लहानमोठ्या प्रत्येकाने वर्षाला दोन चष्मे घेतले. हे शक्य नाही, एक पायरी मागे जातो." दोघांचं गणित सारखंच चुकलं. पण दुसऱ्याची मला काळजी वाटत नाही, कारण प्रोजेक्टवर असा आकडा तो स्वतःच अडवेल.

सरळरेघ

म्हणजे तुम्ही माझंच म्हणताय. दुसऱ्याने माफी मागितली नाही, स्वतःची कहाणी सांगितली नाही, काम केलं.

उलटतपासणी

नाही. त्याने मोठ्याने सांगितलं. तुम्ही गप्प बसायला सांगताय.

कोराकागद

तुम्हा दोघांचं वाचून असं वाटतं की चूक कळल्यावर माणसाकडे निवड करायला वेळ असतो. माझी तयारी सुरू आहे आणि सरावात मला वेगळंच दिसतं. चूक कळली की पुढची दोन मिनिटं डोकं बंद. समोरचा काय विचारतोय ते कानावर पडतं पण आत शिरत नाही. मग साधं १५ गुणिले ८ पण होत नाही. बोलायचं की नाही हा नंतरचा प्रश्न. आधी डोकं जागेवर कसं आणायचं?

तळटीप

@कोराकागद, तुम्ही म्हणताय त्यावर अभ्यास झालेला आहे. सायन बायलॉक आणि थॉमस कार या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवलं की दडपणाखाली अवघड तोंडी गणितात सर्वांत जास्त घसरगुंडी होते ती ज्यांची कार्यकारी स्मृती (काम करताना गोष्टी डोक्यात धरून ठेवायची क्षमता) एरवी जास्त असते त्यांची. कारण काळजी त्याच जागेत येऊन बसते जिथे हातचे आकडे धरून ठेवायचे असतात. हुशारीचा फायदा तेवढ्या वेळापुरता जातो, हुशारी जात नाही.

यातून निघणारा उपाय फार साधा आहे. डोक्यात जे धरून ठेवलंय ते कागदावर उतरवा. एककांसकट. 'लोकसंख्या ५० लाख, चष्मा ४०%, आयुष्य २ वर्षं' असं एकाखाली एक. लिहायला लागलं की हात चालू राहतो आणि समोरच्यालाही दिसतं की माणूस अडकलेला नाही, काम करतोय. 'मला हे एकदा तपासायला अर्धा मिनिट द्या' असं म्हणण्यात काही गैर नाही.

अवांतर: टक्के आणि टक्केबिंदू यांची गल्लत हीदेखील दडपणातली नेहमीची चूक. मार्जिन २० वरून १५ टक्क्यांवर आलं तर ते ५ टक्केबिंदूंनी घसरलं, पण २५ टक्क्यांनी कमी झालं. तोंडातून चुकीचं निघालं तर एका वाक्यात दुरुस्त होतं, त्यासाठी थांबायचीही गरज नसते.

जुनीखुर्ची

चर्चा चांगली चालली आहे पण सगळे एक गोष्ट टाळताय. सावरण्याचं कौतुक सर्वांच्या वाट्याला येत नाही.

मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन आणि सहकाऱ्यांचा १९६६ चा प्रयोग आठवा. प्रश्नमंजूषेत जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर देणारा माणूस आणि जेमतेम देणारा माणूस, दोघांची ध्वनिफीत ऐकवली. काही ऐकणाऱ्यांना शेवटी त्याच्या हातून अंगावर कॉफी सांडल्याचंही ऐकू आलं. हुशार माणूस धांदरटपणामुळे जास्त आवडू लागला. सामान्य माणूस उलट आणखी नावडता झाला. म्हणजे 'चुकून सावरणारे आवडतात' हे खरं, पण आधी तुम्ही भारी वाटला असाल तर! नामवंत महाविद्यालयातून आलेल्याचं शून्य सरकलं तर ते 'घाईत झालं', दुसऱ्याचं सरकलं तर 'आकडेमोड कच्ची'. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले शेरे तपासले, तेव्हाही एका गुणाची छाप बाकी सगळ्या गुणांवर पडलेली दिसली होती. शंभर वर्षांत माणूस फार बदललेला नाही.

म्हणून उमेदवाराला सावरण्याची कला शिकवण्यापेक्षा पहिली पाच मिनिटं नीट जाऊ द्या. बाकी नशीब.

उलटतपासणी

@जुनीखुर्ची, छाप पडते हे मान्य. म्हणूनच स्ट्रक्चर, आकडेमोड, निष्कर्ष, संवाद अशा वेगवेगळ्या रकान्यांत शेरे लिहायला सांगतात, आणि एकाच माणसाच्या मतावर निकाल लागू नये म्हणून एकाहून जास्त मुलाखती होतात. पद्धत निर्दोष नाही. पण 'बाकी नशीब' म्हणणं म्हणजे उमेदवाराला हात बांधून बसवणं. शिवाय अॅरन्सनच्या प्रयोगात सांडलेल्या कॉफीचा उत्तरांशी काही संबंध नव्हता. केसमधली चूक ही त्या उत्तरातलीच चूक असते.

तळटीप

आता धाग्याच्या मूळ मुद्द्याकडे येतो: 'उत्तर पालटत नसेल तर गप्प बसा'. याचं गाजलेलं उदाहरण अर्थशास्त्रात आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधात सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का दिसत होती. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल फाइल मागवून तपासली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या रांगा धरल्याच नव्हत्या. ही आणि इतर दुरुस्त्या करून त्याने आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी काढलेला आकडा आला २.२ टक्के.

मूळ लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, पण मुख्य निष्कर्ष टिकतो असंच सांगितलं. गंमत म्हणजे त्या फरकात सुटलेल्या रांगांचा वाटा लहानच होता. खरा वाद कोणती वर्षं घ्यायची आणि कोणत्या देशाला किती वजन द्यायचं, याचा होता. तरी लोकांच्या लक्षात काय राहिलं? एक्सेलची चूक. कारण ती दुसऱ्याने शोधली.

सरळरेघ

@तळटीप, उदाहरण उत्तम, पण ते माझ्या बाजूने जातं. खरा वाद वजनांचा होता, म्हणजे मांडणीचा. मी तेच म्हणतोय की मांडणीतली चूक भारी आणि आकडेमोडीतली हलकी, आणि लोक नेमका हलक्या चुकीचा तमाशा करतात.

गप्प बसण्याबद्दल मात्र थोडं मागे येतो. उत्तराचा कागद समोर असतो हा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता. तेव्हा एक वाक्य: "मघाशी मी २ लाख १० हजार म्हणालो, ते २ लाख. निष्कर्ष तोच राहतो." पूर्णविराम. यापुढे एक शब्दही नको.

पायरीवर

मांडणीची चूक सावरत नाही, हे मी बघितलेल्या गोष्टींशी जुळत नाही. केस कोण चालवतंय त्यावर बरंच अवलंबून असतं. मॅकिन्झी या कन्सल्टिंग फर्ममध्ये परंपरेने इंटरव्ह्यूअर केस चालवतो. एक प्रश्न संपला की तो पुढच्यावर नेतो आणि लागणारा आकडा अनेकदा स्वतःच देतो, त्यामुळे एका प्रश्नातली चूक तिथेच राहते. बेन आणि बीसीजी या फर्ममध्ये बहुधा उमेदवाराने केस पुढे न्यायची असते. तिथे चुकीच्या फांदीवर चढलं की उमेदवार चढतच जातो, हे खरं.

पण उतरता येतं. मी सराव घेतो. खर्चाच्या बाजूने दहा मिनिटं घालवलेल्या एका मुलीला तक्त्यात खर्च जागच्या जागी दिसला. ती म्हणाली, "खर्च हलला नाही, म्हणजे माझा हायपोथिसिस इथे पडला. उत्पन्नाकडे वळते, किंमत आणि नगसंख्या असं तोडून बघते." यात कबुलीही नाही आणि लपवाछपवीही नाही. खरं तर याला चूक म्हणायचं की नेहमीचं काम? हायपोथिसिस, म्हणजे सुरुवातीचा अंदाज, तपासण्यासाठीच असतो. वाईट उमेदवार तो असतो जो तक्ता दिसूनही खर्चच खोदत राहतो, कारण सुरुवातीला मोठ्या दिमाखात फ्रेमवर्क मांडलेलं असतं आणि आता ते मोडवत नाही.

सरळरेघ

हे पटलं. मात्र तिला तक्ता वेळेत मिळाला. शेवटच्या पाच मिनिटांत मिळाला असता तर?

पायरीवर

तर शिफारशीत सांगायचं की हाती आलेल्या माहितीवरून कारण उत्पन्नाच्या बाजूला दिसतं, आणखी वेळ असता तर किंमत आणि नगसंख्या यांची वर्षवार फोड मागितली असती. पूर्ण गुण मिळणार नाहीत. पण खोटं उत्तर ठामपणे देण्यापेक्षा हे बरं.

कोराकागद

इंटरव्ह्यू संपल्यावरचं काय? घरी आल्यावर बरोबर उत्तर सुचतं. आभाराच्या ईमेलमध्ये ते लिहून पाठवावं असं एक मित्र म्हणतो, म्हणजे जिद्द दिसते.

जुनीखुर्ची

मित्राला सांगा, जिद्द नाही, चुटपूट दिसते.

उलटतपासणी

शेरे बहुधा ईमेल पोचण्याआधीच लिहून झालेले असतात. मला अशी सुधारित उत्तरं येतात. वाईट वाटत नाही, पण निकालावर परिणामही होत नाही. केस तीस मिनिटांत काय सुचतं हे बघायलाच असते.

पायरीवर

इथे मी मित्राच्या बाजूने अर्धा आहे. पाठवायचं नाही, पण लिहायचं जरूर. चूक कोणत्या जातीची होती ते त्याच दिवशी लिहून ठेवा: शून्य, एकक, तक्त्याचा अक्ष, प्रश्न नीट न ऐकणं. 'झालं गेलं विसरा, पुढच्या फेरीत ताजे व्हा' हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. बऱ्याच फर्ममध्ये पहिल्या फेरीचे शेरे पुढे जातात आणि जिथे शंका होती तीच बाजू पार्टनर (फर्मचा वरिष्ठ भागीदार) पुन्हा तपासतो. पहिल्या फेरीत गणित डळमळलं असेल तर दुसऱ्या फेरीत गणित जास्त येणार असं धरून चाला.

सरळरेघ

हे मात्र एकाच दिवशी लागोपाठ दोन इंटरव्ह्यू असतील तेव्हा चालणार नाही. मधल्या दहा मिनिटांत चुकांची वही उघडून बसलं तर दुसराही जाईल. तिथे विसरणंच बरं. समोरचा माणूसही वेगळा असतो, त्याला आधीच्या खोलीत काय झालं ते बहुधा अजून माहीत नसतं.

कोराकागद

आणि पार्टनरने थेट विचारलं, "मागच्या वेळी काय चुकलं असं वाटतं?" तर?

उलटतपासणी

दोन वाक्यं. कुठे चुकलं आणि तेव्हापासून तपासणी कशी करता. "बाजाराच्या आकारात एक शून्य जास्त धरलं होतं. आता प्रत्येक मोठा आकडा दरडोई करून बघतो." मग पार्टनर तुम्हाला लगेच एखादा मोठा आकडा देईल, तेव्हा तो खरंच दरडोई करून बघा. उत्तर पाठ असलेले आणि सवय लागलेले इथे वेगळे होतात.

सरळरेघ

विचारलं तर. स्वतःहून विषय काढायचा नाही, यावर मी अजूनही ठाम आहे.