पेडलच नाही, तर ब्रेक पास कसा करायचा?

उलटतपासणी

मी सॉफ्टवेअरवाला. स्वयंचलित गाड्यांच्या सिम्युलेशनवर काम करतो. नियमावली वाचायची वेळ आजवर आली नव्हती. आता आली आहे आणि सुरुवातीलाच अडकलोय.

प्रवासी गाड्यांच्या ब्रेकचं संयुक्त राष्ट्रांचं रेग्युलेशन आहे, १३-एच. त्यातली मूळ चाचणी अशी: इंजिन चाकांपासून सोडवून, ताशी १०० किलोमीटरवरून गाडी ७० मीटरच्या आत थांबली पाहिजे, आणि पेडलवरचा जोर ६५ ते ५०० न्यूटनच्या दरम्यान राहिला पाहिजे. आमच्या डिझाइनमध्ये पेडलच नाही. स्टिअरिंगही नाही. मग हे ५०० न्यूटन लावू कुठे? बाकीची रेग्युलेशन्स चाळली तर जिकडे तिकडे चालक बसलेलाच. आरशात त्याला अमुक दिसलं पाहिजे, लाल दिवा त्याच्या नजरेसमोर लागला पाहिजे, काचेतून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून एवढा रस्ता दिसला पाहिजे.

बाळबोध प्रश्न आहे, पण विचारतो: सगळीकडे ‘चालक’ खोडून ‘प्रणाली’ लिहिलं की भागत नाही का? जिनिव्हात बसून संयुक्त राष्ट्रांची ही रेग्युलेशन्स लिहिणारी मंडळी इतकी वर्षं नेमकं काय करतायत? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ब्रेकवाले काका

माझं सगळं आयुष्य ब्रेक पास करून घेण्यात गेलं, तेव्हा हा धागा सोडवत नाही.

५०० न्यूटनचं आधी निकालात काढू. ती मर्यादा माणसाच्या पायासाठी आहे. किरकोळ अंगाच्या माणसालाही पूर्ण ब्रेक लावता यावा म्हणून घातलेली. पेडलवर जोर मोजणारा लोड सेल बसवलेला, टेस्ट ड्रायव्हर दातओठ खाऊन पाय दाबतोय आणि आलेखाची रेघ ५०० च्या वर गेली की तो रन बाद, असं चालायचं. पाय गेला की ही अटही गेली. ७० मीटर मात्र राहणार, कारण समोर जो कोणी आहे त्याला पेडल आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही. पायाच्या जागी प्रणालीचा ब्रेकचा आदेश धरायचा आणि अंतर तिथून मोजायचं. एवढ्यापुरती तुमची खोडाखोड चालेल.

पण ते ७० मीटर येतात कुठून ते पाहा. सूत्र आहे ०.१ गुणिले वेग, अधिक ०.००६ गुणिले वेगाचा वर्ग. शंभरला पहिल्या पदाचे १० मीटर होतात, म्हणजे साधारण ०.३६ सेकंद. पुष्कळांना वाटतं हा चालकाचा प्रतिसादाचा वेळ. छे! पाय पेडलवर पडल्यानंतर ब्रेकमध्ये दाब तयार व्हायला जो वेळ लागतो, तो हा. समोर धोका आहे हे दिसणं, तो ओळखणं, ब्रेक मारायचं ठरवणं यांतलं काहीही ब्रेकच्या नियमात नाही. ते सगळं लायसन्स देणाऱ्यांच्या पदरात टाकलेलं होतं. गाडीचे नियम एका खात्याचे, माणसाची परीक्षा दुसऱ्याची, आणि दोघांची गाठ क्वचितच पडायची.

म्हणून तुमच्या खोडाखोडीने हात, पाय आणि डोळे बदलून मिळतील. डोकं जुन्या नियमांत मुळात लिहिलेलंच नाही, तर खोडणार काय? ते नव्याने लिहावं लागतं, आणि जिनिव्हात वर्षं लागतायत ती त्याला.

पहिला धडपणाने लिहिलेला तुकडा म्हणजे रेग्युलेशन १५७. जून २०२० मध्ये मंजूर, जानेवारी २०२१ पासून लागू. आपोआप लेन धरून चालणारी गाडी, तीही जिथे पादचारी आणि सायकली यांना बंदी आहे आणि मध्ये दुभाजक आहे अशाच रस्त्यावर. सुरुवातीला वेग ताशी ६० पर्यंत. जानेवारी २०२३ पासून १३० पर्यंत आणि लेन बदलण्यासह. शेजारची गाडी मध्ये घुसली तर टक्कर कधी माफ आणि कधी नाही, याचं चक्क सूत्र आहे त्यात: दोन्ही गाड्यांच्या वेगातला फरक भागिले १२, अधिक ०.३५ सेकंद, फरक मीटर प्रति सेकंदात. समजा घुसणारी गाडी तुमच्यापेक्षा ताशी ३६ ने हळू आहे. उत्तर येतं जवळपास १.२ सेकंद. ती लेनमध्ये शिरताना टक्कर होण्याला याहून जास्त वेळ उरलेला असेल, तर तुमच्या गाडीने ती टाळलीच पाहिजे. अट एवढीच, की तिचं आडवं सरकणं आधी निदान ०.७२ सेकंद दिसलेलं असावं. लायसन्सच्या परीक्षेला इतका काटेकोर प्रश्न कधी आल्याचं मला आठवत नाही.

तिसरा_डोळा

काका, सूत्र झकास आहे, पण ते महामार्गावरचं. चौकात उलट बाजूने येणारा सायकलवाला, रस्त्यावर बसकण मारलेला कुत्रा, हाताने गाड्या सोडणारा पोलीस, कशाकशाची सूत्रं लिहिणार? शिवाय १५७ मध्ये माणूस सुटलेला नाहीच. गाडी ‘आता तुम्ही घ्या’ म्हणते आणि निदान १० सेकंद वाट पाहते, त्यानंतर कुठे स्वतःहून थांबायला लागते. उलटतपासणी यांच्या गाडीत घ्यायला आहेच कोण?

खोडाखोडीचं म्हणाल तर अमेरिकेने खरोखर केली आहे. मार्च २०२२ चा तिथला नियम असा, की स्टिअरिंग नसेल तर पुढची डावी, म्हणजे तिकडची चालकाची, सीटही प्रवाशाचीच, आणि तिलाही तेवढंच संरक्षण हवं. साहजिकच, तिथे उद्या लहान मूलही बसेल. अमेरिकेत आधी मंजुरी घ्यायची पद्धत नाही, कंपनी स्वतःच ‘नियम पाळले’ असं प्रमाणित करते. अडलं तर सूट मागायची, आणि तीही वर्षाला २,५०० गाड्यांपुरती. न्यूरो या कंपनीच्या विनाचालक डिलिव्हरी गाडीला २०२० मध्ये आरसे, समोरची काच आणि मागच्या कॅमेऱ्याची अट अशी सूट मिळाली होती.

ब्रेकवाले काका

बरोबर बोललात. चौकाचं सूत्र होत नाही. म्हणूनच जिनिव्हातला विचार एका चाचणीवरून अनेक खांबांवर गेला: प्रसंगांची यादी, सिम्युलेशन, ट्रॅक, खरा रस्ता, कंपनीच्या कामाच्या पद्धतीचं ऑडिट, आणि गाडी विकल्यानंतरची देखरेख. ऐकायला छान आहे. गोची कुठे होते सांगतो. ही रेग्युलेशन्स ज्या १९५८ च्या कराराखाली येतात, त्याचा कणाच असा, की एका देशाने शिक्का मारला की ते रेग्युलेशन पाळणाऱ्या बाकीच्या देशांनी तो मानायचा. ७० मीटर कुठेही मोजा, ७० च भरतात. ऑडिटचं तसं नाही. कंपनीने ‘आमची गाडी सुरक्षित का’ म्हणून दिलेल्या गठ्ठ्यावर एक तपासनीस खूश होईल, दुसरा तोच परत पाठवेल. दुसऱ्याच्या मतावर आपल्या रस्त्यावर गाडी सोडायला कुठलं सरकार सहज तयार होईल? माझ्या मते खरा अडथळा हा आहे; सेन्सर वगैरे नंतर.

उलटतपासणी

काका, आता कुठे डोक्यात प्रकाश पडला. दोन शंका उरल्या. ब्रेक बिघडल्याचा लाल दिवा आता कोणासाठी लावायचा? आणि आज पास झालेली गाडी महिन्याने अपडेट घेऊन वेगळीच वागायला लागली तर?

ब्रेकवाले काका

दिवा लावण्यामागचा हेतू पाहा: कोणीतरी काहीतरी करावं. तो संदेश थेट प्रणालीला गेला पाहिजे, आणि पुढे तिने काय केलं ते तपासायचं: वेग कमी केला का, बाजूला थांबली का, पुढची फेरी नाकारली का. बेल्ट लावा, दार नीट लागलं नाही, हे अजूनही प्रवाशालाच सांगायला हवं. मला जास्त घोर आहे तो कुठेच न लिहिलेल्या गोष्टींचा. क्लच जळल्याचा वास, चाकातली घरघर, गाडी एका अंगाला ओढते आहे, हेडलाइटवर चिखल बसलाय. चालक नाका-कानांनीही गाडी तपासायचा, आणि त्यासाठी कुठलंही कलम लागत नसे. तुमच्या डिझाइनमध्ये ही यादी आधी करा, नियमांत शोधत बसू नका.

अपडेटसाठी रेग्युलेशन १५६ आहे. कंपनीची अपडेटची व्यवस्था आधी प्रमाणित होते, ते प्रमाणपत्र जास्तीत जास्त तीन वर्षं चालतं. बदलाचा परिणाम मंजुरीतल्या गोष्टींवर होत असेल तर पुन्हा मंजुरी देणाऱ्यांचं दार ठोठवायचं. परिणाम होतो की नाही हे आधी ठरवते मात्र कंपनीच. तिथे माझी भुवई अजून वर आहे.

नवखा_वाचक

मध्येच घुसतो. फक्त माल नेणारी गाडी असेल, आत बसायला जागाच नाही, तर एअरबॅग कशाला?

ब्रेकवाले काका

नको. अमेरिकेच्या त्याच २०२२ च्या नियमाने अशा गाड्यांना आतल्या माणसांसाठीच्या क्रॅशच्या अटींतून वगळलं आहे. पादचाऱ्याला धडक बसली तर काय होतं, ते वेगळं पाहावं लागतं. उलट आत कोणाला वाचवायचं नसल्यामुळे गाडीचं नाक चांगलं मऊ करता येईल. उलटतपासणी, तुमच्या गाडीत माणसं बसणार आहेत की माल, ते एकदा सांगा. त्यावर निम्मी उत्तरं बदलतील.