रास्पबेरी पाय ४ वरील सिंथेसायझर कधी मुकाच सुरू होतो आणि बंद होताना दीड मिनिट अडून राहतो

प्रश्न

नमस्कार. नाट्यगीतांच्या साथीला ऑर्गनचा आवाज हवा, पण तेवढी जड पायपेटी दर वेळी उचलून नेणे शक्य होत नाही, म्हणून मी ४ जीबीच्या रास्पबेरी पाय ४ या एका बोर्डाच्या छोट्या संगणकावर फ्लुइडसिंथ हा वाद्यांचे आवाज काढणारा प्रोग्राम बसवून एक वाद्य तयार केले आहे. बोर्डावर पीसीएम५१२२ चिपचे डॅक कार्ड (अंकीय ध्वनीचे स्पीकरला देण्याजोग्या संकेतात रूपांतर करणारे) आहे आणि ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (स्वतः न वाजता दाबलेल्या पट्ट्यांची माहिती पाठवणारा) यूएसबीने जोडलेला आहे. मॉनिटर नाही. वीज दिली की सिस्टिमडी या प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेतील सर्व्हिसमधून एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, चालते आणि तीच फ्लुइडसिंथ सुरू करते.

साधारण तीनपैकी एका वेळी सगळे दिवे नेहमीसारखे लागतात, पण आवाज मात्र येत नाही. अशा वेळी कीबोर्डची केबल काढून, बोर्ड पुन्हा सुरू करून, मग कीबोर्ड जोडला तर आवाज हमखास येतो. दुसरी अडचण बंद करण्याची आहे. बोर्डावरील जोडणीच्या पाचव्या पिनेवर म्हणजे जीपीआयओ ३ वर मी शटडाउनचे बटण जोडले आहे, पण ते कधी चालते, कधी चालत नाही. चालले तरी हिरवा दिवा दीड मिनिट लुकलुकत राहतो. मागच्या बैठकीनंतर घाईत मी तशीच वीज काढली आणि दुसऱ्या दिवशी बोर्ड सुरूच झाला नाही. एसडी कार्ड पुन्हा लिहावे लागले. येत्या शनिवारी पुन्हा कार्यक्रम असल्यामुळे मनात धास्ती आहे. शोध कोठून सुरू करावा?

प्रतिसाद १

कीबोर्ड काढला की आवाज येतो, हीच सर्वांत महत्त्वाची खूण आहे. आपण फ्लुइडसिंथला ध्वनी कार्ड क्रमांकाने सांगितले असावे, म्हणजे ‘एचडब्ल्यू:१’ असे. आल्सा ही लिनक्सची ध्वनिव्यवस्था हे क्रमांक कार्डे ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने वाटते, आणि यूएसबी मिडी कीबोर्डातून ध्वनी निघत नसला तरी त्यालाही एक कार्ड क्रमांक मिळतो. ज्या दिवशी कीबोर्ड डॅकच्या आधी ओळखला जातो, त्या दिवशी १ हा क्रमांक कीबोर्डाकडे जातो आणि फ्लुइडसिंथ ज्या दारावर थाप देतो तेथे ध्वनी वाजवणारे कोणीच नसते. ‘एप्ले -एल’ या आज्ञेच्या यादीत हा कीबोर्ड दिसत नाही, त्यामुळे पुष्कळ जण येथेच फसतात. ‘/प्रॉक/असाउंड/कार्ड्स’ ही फाइल उघडली तर तो दिसेल. त्याच फाइलमध्ये चौकटी कंसात प्रत्येक कार्डाचे नाव असते. क्रमांकाऐवजी ‘एचडब्ल्यू:कार्ड=’ लिहून त्यापुढे डॅकचे ते नाव द्यावे.

विजेचीही एकदा खात्री करून घ्यावी. या बोर्डाला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो आणि दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो इशारा देतो. तो इशारा मॉनिटरवर विजेच्या चिन्हाने दिसतो. आपल्याकडे मॉनिटर नाही, म्हणून दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (नेटवर्कवरून दुरून आज्ञा देण्याच्या सोयीने) आत जाऊन ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही आज्ञा द्यावी. उत्तर शून्य आले तर विजेचा विषय सोडून द्यावा.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. गेट_थ्रॉटल्डचे उत्तर शून्य आहे. क्रमांकाच्या जागी नाव लिहिल्यावर कीबोर्ड जोडलेला ठेवून बोर्ड सलग दहा वेळा सुरू केला आणि दहाही वेळा आवाज आला. बंद होण्याची अडचण मात्र तशीच आहे. आज बारकाईने पाहिले, तेव्हा एक विचित्र गोष्ट ध्यानात आली: एक स्वर धरून बटण दाबले तर तो लगेच तुटतो, पण काही सेकंदांनी पट्टी पुन्हा दाबली तर ऑर्गन वाजतो, आणि तसा तो दीड मिनिट वाजत राहतो.

प्रतिसाद २

हे निरीक्षण आपण नोंदवले ते फार चांगले झाले, कारण दोष त्यातच उघड होतो. आपल्या स्क्रिप्टमध्ये फ्लुइडसिंथ एखाद्या अखंड आवर्तनात आहे का, आणि शेवटचा निवडलेला आवाज जपून ठेवण्यासाठी ‘ट्रॅप’ (बंद होण्याचा संकेत आल्यावर करायचे काम) लिहिलेला आहे का, हे पाहावे. सर्व्हिस बंद करताना सिस्टिमडी तिच्यातील सगळ्या प्रक्रियांना एकदाच ‘टर्म’ हा संकेत पाठवते. फ्लुइडसिंथ तो मानून बंद पडतो. स्क्रिप्टही ट्रॅपमधील काम करते, पण तेथे ‘एक्झिट’ नसेल तर ती आवर्तनात परत येते आणि नवा फ्लुइडसिंथ सुरू करते. त्या नव्याला संकेत मिळालेलाच नसतो. मग सिस्टिमडी आपली ठरलेली ९० सेकंदांची मुदत संपेपर्यंत थांबते आणि शेवटी सर्वांना सक्तीने संपवते. आपले दीड मिनिट ते हेच.

ट्रॅपच्या शेवटी एक्झिट लिहावे. माझ्या मते आवर्तन काढूनच टाकावे आणि सर्व्हिस फाइलमध्ये ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ व ‘टाइमआउटस्टॉपसेक=५’ लिहावे; पडलेली प्रक्रिया पुन्हा उभी करणे हे सिस्टिमडीचेच काम आहे.

बटणाचा दोष निराळा आहे. जीपीआयओ ३ ही आय२सी या चिपशी बोलण्याच्या मार्गाचीही पिन आहे आणि पीसीएम५१२२ ला आज्ञा त्याच मार्गाने जातात, त्यामुळे एकाच पिनेवर दोघांचा हक्क सांगितला जातो. ‘जीपीआयओ-शटडाउन’ ओव्हरलेला (बटणाची पिन ठरवणाऱ्या मांडणीला) ‘जीपीआयओ_पिन=१७’ असे सांगून बटण ११ व्या पिनेवर न्यावे. मात्र बंद झालेला बोर्ड बटणाने जागा करण्याची सोय फक्त जीपीआयओ ३ वर आहे, ती जाईल. पुन्हा सुरू करताना वीज काढून द्यावी लागेल.

प्रतिसाद ३

वरील दुरुस्त्या झाल्यावरही सभागृहातील वीज अचानक जाऊ शकते, म्हणून एक आग्रहाची सूचना. सर्व काही मनासारखे चालू लागले की रास्पी-कॉन्फिग या बोर्डाची मांडणी बदलण्याच्या प्रोग्राममधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करावी. त्यानंतर एसडी कार्डावरील मूळ भाग फक्त वाचला जातो आणि नवे लेखन रॅममध्ये होते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी कार्डावरील मजकूर बिघडण्याचा धोका पुष्कळच घटतो. याची किंमत अशी की निवडलेला आवाजही बंद करताना विसरला जाईल. त्यासाठी लेखनाचा वेगळा लहान विभाग ठेवावा लागेल. आणखी एक, शटडाउननंतरही लाल दिवा जळत राहतो, कारण अडॅप्टरची वीज बोर्डावर असतेच. त्याच्याकडे पाहू नये. हिरवा दिवा पूर्ण शांत झाला की केबल काढावी.

प्रश्नकर्ता

ट्रॅपमध्ये एक्झिट खरोखरच नव्हते. आवर्तन काढले, बटण ११ व्या पिनेवर नेले, आणि आता बटण दाबल्यापासून हिरवा दिवा शांत होईपर्यंत सात सेकंद लागतात. ओव्हरले फाइल सिस्टिम शनिवारच्या कार्यक्रमानंतर चालू करीन. तोपर्यंत चालत्या कार्डाची एक प्रत काढून पेटीच्या झाकणात चिकटवून ठेवली आहे.