मदत हवी आहे: १९५५ ची जुनी ड्रॅग रेसवाली शेवरलेट रस्त्यावर आणायची आहे, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे वाचनमात्रच असतो, आज अडलंय म्हणून लिहितोय. धागा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या उत्तरेला राहतो. नोकरी गाड्यांचीच पण सगळी कॉम्प्युटरवर, सीटच्या फ्रेमचं सिम्युलेशन, त्यामुळे प्रत्यक्ष हातात पाना धरल्याचा अनुभव म्हणाल तर पुण्यात असताना घरची प्रीमियर पद्मिनी आणि मित्राची बुलेट, बास. तर झालंय असं की जवळच्या एका गावातले एक आजोबा गेले, त्यांच्या मुलीने शेतावरचं कोठार रिकामं करायला काढलं, त्यात ही गाडी होती. १९५५ ची शेवरलेट २१०, दोन दारांची. मी नुसती बघायला म्हणून गेलो आणि येताना ट्रेलर भाड्याने घेऊनच आलो. घरी त्यावर जे काय झालं तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही गॅसर आहे. पन्नासच्या दशकाच्या शेवटी आणि साठच्या दशकात इथे ड्रॅग रेसमध्ये पंपावरच्या पेट्रोलवर धावणाऱ्या गाड्यांचे वर्ग होते, त्यातली. पुढचं मूळचं सस्पेन्शन काढून तिथे ट्रकचा असतो तसा सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे बसवायचे, नाक वर करायचं, म्हणजे सुटताना वजन मागच्या चाकांवर जातं. शर्यत पाव मैलाची आणि सरळ रेषेत, त्यामुळे वळणं, सिग्नल, खड्डे, पाऊस यातलं काहीच बनवणाऱ्याच्या हिशोबात नाही. मागच्या काचेवर डेट्रॉईट ड्रॅगवेचा अर्धा फाटलेला स्टिकर आहे, १९५९ आणि १९६० चे नॅशनल्स (ड्रॅग रेसची राष्ट्रीय स्पर्धा) झाले तीच पट्टी, ती बंद होऊनही आता जमाना झाला. दारावर ब्रशने रंगवलेलं गाडीचं नाव आहे, निम्मं पुसलेलं.

आता अवस्था सांगतो. इंजिन मूळचं नाही, कधीतरी नंतर ३५० क्युबिक इंचाचं स्मॉल ब्लॉक (शेवरलेटचं छोटं व्ही-८) बसवलंय. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तर पिस्टनच्या डोक्यावर चांगले उंच डोम दिसतात, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो बारा-साडेबाराच्या घरात असणार. आणि हे बघा, ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन प्लग काढला तर पाण्याचा थेंब नाही, आत राखाडी दगडासारखं काहीतरी, स्क्रू ड्रायव्हर टोचला की टक टक आवाज येतो. गिअरबॉक्स दोन गिअरचा पॉवरग्लाइड, ट्रान्सब्रेकवाला (सुटेपर्यंत गिअरबॉक्सच गाडी अडवून धरतो). मागे फोर्डचा ९ इंची अ‍ॅक्सल, ४.८६ चं क्राउन-पिनियन आणि डिफरन्शियलच्या जागी स्पूल, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरणार. पुढे ब्रेकच नाहीत! वजन वाचवायला ड्रम काढून टाकलेत, मागे आहेत तेवढेच. अल्टरनेटर नाही, वायपर नाही, हॉर्न नाही, हँडब्रेक नाही. बाजूच्या काचा प्लॅस्टिकच्या, पिवळ्या पडलेल्या. डिकीत फ्युएल सेल (रेसची पेट्रोलची टाकी) आणि आत पाइपांचा पिंजरा, दाराला आडवा पाइप, आत शिरायचं म्हणजे खिडकीतून चोरी करायला शिरल्यासारखं.

मला काय हवंय तर ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला (जुन्या गाड्यांचा इथला मोठा मेळावा) ही गाडी स्वतः चालवत न्यायची, मुलीला शेजारी बसवून, आणि एरवी रविवारी आइस्क्रीम खायला वगैरे. शर्यत लावायची नाही. पण दिसायला गॅसरच दिसायला हवी, नाक खाली आणून तिची साधी शेवरलेट करायची नाहीये.

प्रश्न असे की हे इंजिन रस्त्यासाठी वळवता येईल का सरळ दुसरं टाकू, सरळ अ‍ॅक्सल ठेवून गाडी धड चालते का, आणि सगळ्यात भीती कागदांची. बिल ऑफ सेल आहे, आणि एका डब्यात साठच्या दशकातलं दुसऱ्या राज्याचं टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) सापडलं पण त्यावरचा नंबर दाराच्या खांबावरच्या प्लेटशी जुळत नाही. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, 'इंजिनपासून सुरू कर, ते चालू झालं की हुरूप येतो.' मला ते पटतंही आणि नाहीही. जाणकारांनी प्लीज क्रम सांगा.

---

रेंच_काका:

अरे वा, नशीबवान आहेस. मी ओहायोत आहे, असली दोन धुडं रस्त्यावर आणलीत, तेव्हा थोडं हक्काने बोलतो.

इंजिनला हात लावू नकोस. पहिला कागद. त्या जमान्यात काही राज्यं गाडीची नोंद इंजिन नंबरवर करायची, नंतर इंजिन बदललं की कागद एकीकडे आणि गाडी एकीकडे. तुझं टायटल बहुतेक त्यातलंच. आधी दाराच्या खांबावरची प्लेट वाच, २१० असेल तर ५५ च्या आधी बी हे अक्षर पाहिजे, व्ही-८ घेऊन कारखान्यातून निघाली असेल तर त्याच्याही आधी व्ही. सी असेल तर ती बेल एअरची (२१० च्या वरचं मॉडेल) प्लेट आहे आणि मग भानगड आहे. हे जमलं की बिल ऑफ सेल, ते जुनं टायटल, प्लेटचे फोटो घेऊन सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात (तुमचं तिकडचं आरटीओ म्हण) जा आणि पोलिसांकडून नंबर तपासणीचा टीआर-५४ फॉर्म लागेल का ते विचार. त्या तपासणीत नंबरही बघतात आणि रस्त्यावर लागणारं सामानही, म्हणून गाडी आधी कुणाला दाखवायची आणि कधी, हे तिथेच विचारून घे. आणि कुणी म्हणालं ना की दुसऱ्या भंगार ५५ ची प्लेट कागदासकट आणून लाव, तर तिथून पळ. तो फेडरल गुन्हा आहे, दंडावर भागत नाही.

तुमच्या मिशिगनला दरवर्षीची तपासणी नाही आणि धुराची टेस्टही नाही, पेनसिल्व्हेनियावाल्यांना विचार हे सुख काय असतं ते. पण त्याचा अर्थ असाही आहे की गाडी थांबते की नाही हे तपासायला तुझ्याशिवाय कुणी नाही.

---

धागाकर्ता:

काका, आत्ताच टॉर्च घेऊन बघून आलो, बी आहे! आधी व्ही नाही.

---

रेंच_काका:

म्हणजे मूळची सहा सिलिंडरची २१०. छान. डब्यातल्या टायटलवरचा नंबर आणि त्या काळचा सहा सिलिंडरचा इंजिन नंबर याची सांगड लागते का ते एखाद्या ५५-५६-५७ वाल्या क्लबात विचार, त्या लोकांना हे तोंडपाठ असतं.

---

पिनियन_ताई:

मी इंडियानापोलिसला असते, पॉवरट्रेनमध्ये काम करते. तुमच्या ४.८६ चा हिशोब करून दाखवते म्हणजे प्रश्नच मिटेल. मैलातला वेग गुणिले रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचात. २८ इंची टायर धरला तर ७० च्या वेगाला ४०८० आरपीएम होतात. आय-७५ हायवेवर अर्धा तास हे ऐकून बघा, मुलगी परत गाडीत बसणार नाही. आणि पॉवरग्लाइडला वरचा गिअर १:१ च आहे, ओव्हरड्राइव्ह नाही. त्यात रेसचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलाचा जोड), तो बहुधा चार-पाच हजारांखाली नीट पकडतच नाही, म्हणजे सिग्नल टू सिग्नल तो नुसता तेल घुसळून तापवणार. ७००आर४ टाका (ओव्हरड्राइव्हवाला चार गिअरचा ऑटोमॅटिक), पहिला ३.०६ आणि चौथा ०.७०. मागे ३.७० चा सेट टाकलात की त्याच ७० ला २१८० च्या आसपास येतं. फोर्ड ९ इंचाचं सुख हे की अख्खा गोळा (गिअर आणि डिफरन्शियल एकत्र) पुढून बाहेर येतो, स्पूल आणि ४.८६ वाला तसाच कपाटात ठेवा, लिमिटेड स्लिपवाला दुसरा आणून बसवा. स्पूल रस्त्यावर अजिबात नको, प्रत्येक वळणावर आतलं चाक फरफटतं आणि एक दिवस अ‍ॅक्सल पिळवटून तुटतो. पावसात तर विचारूच नका.

इंजिनचं सांगायचं तर तो राखाडी दगड म्हणजे ब्लॉक फिलर. सिलिंडरच्या भिंती हलू नयेत म्हणून पाण्याच्या जागेत ओतलेलं एक प्रकारचं सिमेंट. तळाशी थोडं असेल तर लोक मोठा रेडिएटर आणि ऑइल कूलर लावून चालवतात, वरपर्यंत भरलेलं असेल तर ते इंजिन पाव मैल धावून बंद करण्यासाठीच आहे, ट्रॅफिकमध्ये उकळणारच. वॉटर पंप काढा आणि पंपाच्या भोकांतून वाकवलेली तार घालून बघा किती खोल जाते. भोकांपर्यंत सिमेंट आलं असेल तर त्यावर एक डॉलरही घालू नका.

नसेल तरी साडेबाराचं कॉम्प्रेशन पंपावरच्या ९३ ऑक्टेनवर चालत नाही, नॉकिंग होऊन पिस्टन जातील. डोम काढून फ्लॅट किंवा डिशवाले पिस्टन, अ‍ॅल्युमिनियमची हेड असतील तर दहाच्या आसपास, लोखंडी असतील तर साडेनऊ, आणि कॅम हायड्रॉलिक रोलर. एवढं करण्यापेक्षा दुसरं ३५० स्वस्त पडतं असं माझं स्पष्ट मत. कार्बोरेटरचा मोह आवरा, ६००० आरपीएमला ३५० क्युबिक इंच इंजिन ६०० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आसपासच हवा ओढतं, ६५० पुष्कळ झालं.

---

खराडी_बायपास:

मस्त धागा! इकडे पुण्यात असलं काही करायचं म्हटलं की आरटीओ मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ दाखवतो. २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर बदल चालणार नाहीत. तुमचं वाचूनच समाधान मानतो. फोटो टाका हो.

---

कोल्हापुरी_तडका:

मी उलट बोलणार, राग मानू नका. साठच्या दशकात खरोखर धावलेल्या गॅसर आता किती उरल्यात? दुकानातून पार्ट आणून नकली गॅसर बनवणारे ढिगाने आहेत, तुमच्याकडे अस्सल आहे आणि तिला तुम्ही आइस्क्रीमची गाडी करणार. तशीच ठेवा, नॉस्टॅल्जिया रेसमध्ये पळवा, आणि रस्त्यासाठी दुसरी घ्या. ५५ चे सगळे पार्ट आजही नवे मिळतात, अख्खी बॉडीसुद्धा मिळते.

---

पिनियन_ताई:

@कोल्हापुरी_तडका, मुद्दा बरोबर आहे पण कोठारात सडण्यापेक्षा चाललेली बरी. एक अट मात्र मीही घालेन, परत येणार नाही असं काही कापू नका. काढलेला प्रत्येक नट पिशवीत घालून चिठ्ठी लावा. आणि दारावरच्या त्या रंगाला सँडपेपर लावाल तर माझ्याशी गाठ आहे.

---

रेंच_काका:

अनुमोदन. आता ब्रेक आणि पिंजरा राहिलं, ते माझ्याकडून.

सरळ अ‍ॅक्सल बिनधास्त ठेव, गाडी चांगली चालते, बदनामी होते ती घाईने बसवलेल्यांची. कास्टर (किंगपिनचा मागे कल) ५ ते ७ अंश, टो-इन (पुढची चाकं किंचित आत वळलेली) साधारण एक अष्टमांश इंच, किंगपिन आणि पाट्यांचे बुश नवे. स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक (चाकं वळवणारा दांडा) आणि पाट्याची हालचाल एकमेकांशी जुळली नाही तर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप वळते, आणि मिशिगनचे खड्डे तुला मी सांगायला नको. पुढे डिस्क किट बसव, मास्टर सिलिंडर दोन सर्किटचा, कारण त्या काळच्या गाडीला एकच सर्किट, एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. व्हॅक्यूम बूस्टरच्या नादी लागू नकोस, कॅम थोडा जरी मोठा असेल तरी आयडलला व्हॅक्यूम मिळत नाही. मॅन्युअल ब्रेक, एक इंचाचा किंवा त्याहून लहान बोअर. लाइन-लॉक (रेसमध्ये ब्रेक दाबून धरून ठेवणारा व्हॉल्व्ह) असेल तर काढून टाक, आणि हँडब्रेकची केबल मागे ओढून घे.

पिंजऱ्याचं लोकांना उलटं वाटतं. पाइप म्हणजे सुरक्षित, नाही का? रेसमध्ये डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर पाच पट्ट्यांचा हार्नेस असतो म्हणून. रस्त्यावर उघडं डोकं आणि साधा बेल्ट, मागून कुणी ठोकलं की तोच पाइप डोक्यात. दाराचे आडवे पाइप काढता येण्यासारखे करून घे, डोक्याजवळच्या पाइपांना रेसचं कडक पॅडिंग लाव, पाइपवाल्या नळाला घालतात तो फोम नव्हे. आणि मुलगी किती वर्षांची आहे ते सांग, लहान असेल तर या पिंजऱ्यात तिला बसवू नकोसच. फ्युएल सेल डिकीत असेल तर मागच्या सीटच्या पाठीमागे पत्र्याचा पक्का पडदा हवा, व्हेंटचा पाइप बाहेर. पुढची काच एएस-१ (पुढच्या काचेचा सुरक्षा दर्जा) शिक्का असलेलीच. १९५५ पासून शेवरलेट १२ व्होल्टवर आली त्यामुळे वायरिंगला अडचण नाही, नवा हार्नेस आणि एका वायरीचा अल्टरनेटर. टायर डीओटी शिक्क्याचे (रस्त्यासाठी मान्य), ते स्लिक (बिनखाचांचे रेसचे टायर) भिंतीवर टांग.

इन्शुरन्स आधी ठरलेल्या किमतीचा घे. आणि हिस्टॉरिक नंबर प्लेटची चौकशी कर, २६ वर्षांवरच्या गाडीला मिळते, एरवी मेळावे आणि प्रदर्शनं वगैरेसाठीच पण मिशिगनमध्ये ऑगस्ट महिना पूर्ण मोकळा असतो.

---

धागाकर्ता:

सगळ्यांना दंडवत! मुलगी बारा वर्षांची आहे काका, तरी दाराचे पाइप निघाल्याशिवाय तिला बसवत नाही, शब्द. कोल्हापूरकर, तुमचं बोलणं लागलं, कापाकापी करणार नाही, जुना गोळा, ट्रान्समिशन, इंजिन सगळं झाकून ठेवतो.

म्हणजे आता क्रम असा की आधी सेक्रेटरी ऑफ स्टेट, मग ब्रेक आणि पुढचा अ‍ॅक्सल, मग वायरिंग, मग ७००आर४ आणि मागचा गोळा, इंजिन शेवटी. या ऑगस्टला होणार नाही हे कळलं.

ताई, वॉटर पंप काढला. तार जेमतेम एक बोट आत जाते आणि टक्कन थांबते, दोन्ही बाजूंना तेच. म्हणजे गेलं ना?

---

पिनियन_ताई:

गेलं. स्टँडवर चढवा आणि जुनं ३५० शोधायला लागा. घेताना हेडचा कास्टिंग नंबर विचारा, ७६ सीसीच्या चेंबरची हेड असतील तर साध्या फ्लॅट पिस्टनवर कॉम्प्रेशन नऊच्या आसपास बसतं आणि ९३ ची कटकटच उरत नाही.