स्लाइडच्या मथळ्यात निष्कर्ष लिहावा की नुसता विषय?

अर्धाकप
संशोधनाच्या सेमिनारांना बसून बसून माझं एक मत पक्कं झालंय, ते मांडतो. बिनधास्त फोडून काढा. स्लाइडवर ‘परिणाम’, ‘निष्कर्ष व चर्चा’ असले मथळे बंद करावेत. तिथे सरळ विधान हवं: ‘गांडूळखत घातलेल्या वाफ्यांत ओल जास्त दिवस टिकली’. खाली त्याचा पुरावा, म्हणजे एकच आलेख. बुलेट नकोत. मागच्या रांगेतल्याचं लक्ष दोन मिनिटं उडालं तरी मथळा वाचून तो परत गाडीत बसतो.
आणि १५ मिनिटांच्या वेळेत, ज्यातली ३ प्रश्नांची, ‘सादरीकरणाची रूपरेषा’ कशाला? प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष हा क्रम कोणाला नवीन आहे? शेवटची ‘थँक यू’सुद्धा काढा. प्रश्नोत्तरांच्या वेळी पडद्यावर मुख्य आलेख राहिला तर प्रश्न तरी कामाचे येतात.

मातीपरीक्षक
रूपरेषा आणि थँक यू, मान्य. बाकी असहमत.
हे सल्ले देणाऱ्यांना इंग्रजीत बोलायची धास्ती कधी वाटलेली नसते. माझ्याकडची पोरं बारावीपर्यंत मराठी माध्यमात, मग कृषी विद्यापीठ, आणि पहिलं परिषदेतलं बोलणं थेट इंग्रजीत. माईक हातात आला की पाठ केलेलं पहिलं वाक्यच गुल होतं. तेव्हा स्लाइडवरच्या चार ओळी ही कुबडी असते, आणि कुबडी काढून घेतली म्हणून कोणी धावायला लागत नाही. ऐकणाऱ्यांचंही तेच. चेन्नईच्या माणसाला आमचे उच्चार कळेपर्यंत अर्धा वेळ जातो, लिहिलेलं लगेच कळतं.

अर्धाकप
मग ओळी नोट्समध्ये लिहा ना, प्रेझेंटर व्ह्यू त्यासाठीच असतो: नोट्स फक्त बोलणाऱ्याच्या पडद्यावर दिसतात.

मातीपरीक्षक
परिषदेत स्वतःचा लॅपटॉप जोडू देतात का हो नेहमी? पेनड्राइव्ह द्यायचा, आयोजकांच्या मशिनवर फाइल उघडायची, फॉन्ट बदललेला, दोन्ही पडद्यांवर तेच चित्र. तुमचा प्रेझेंटर व्ह्यू राहिला घरी.

खडू_डस्टर
गणितवाले या भांडणात नाहीत. जून १९९३ मध्ये अँड्र्यू वाइल्स यांनी केंब्रिजला फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता फळ्यावरच मांडली होती. खडूच्या वेगाने लिहिलं की ऐकणाराही सोबत विचार करतो.

सिग्मा५
त्यांना तीन व्याख्यानं मिळाली होती आणि समोर सगळे तज्ज्ञ. शिवाय त्या सिद्धतेत भगदाड होतं, ते नंतर सापडलं आणि १९९४ मध्ये बुजवलं गेलं. फळा असला म्हणून समोरच्यांना चूक दिसतेच असं नाही.
उलटं उदाहरण घ्या. ४ जुलै २०१२, सर्न ही जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा, हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याची घोषणा. तिथल्या एका प्रयोगाच्या प्रवक्त्या फाबिओला जानोत्ती यांच्या स्लाइड्स गच्च भरलेल्या आणि कॉमिक सान्स या पोरकट वाटणाऱ्या फॉन्टमध्ये! जगभर चेष्टा झाली, पण सभागृहात कोणी झोपलं नव्हतं. सांगण्यासारखं काही असलं की मथळ्याचं फारसं अडत नाही.

अर्धाकप
तिथले लोक त्या एका निकालासाठी वर्षानुवर्षं थांबले होते. आपल्यासाठी कोण थांबलंय?
गच्च स्लाइडची दुसरी बाजूही बघा. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान उडालं तेव्हा बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. कल्पना चावला त्याच यानात होत्या. यान अवकाशात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज नासाला स्लाइड्सवर सांगितला. त्यातल्या एकीच्या अगदी तळाशी, बुलेटखालच्या बुलेटमध्ये, हे होतं: तुकडा अंदाजे १९२० घन इंचांचा, चाचणीतला ३ घन इंचांचा. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, सातही जण गेले. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडची चिरफाड केली आणि चौकशी मंडळाच्या अहवालानेही तिची दखल घेतली.

मातीपरीक्षक
उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते माझ्या बाजूचं आहे! त्या स्लाइडचा मथळा ‘परिणाम’ नव्हता. चाचण्यांच्या माहितीनुसार यानाच्या उष्णतारोधक टाइल फुटण्याचा अंदाज सावध बाजूनेच केलेला आहे, अशा अर्थाचं ते विधान होतं. तुम्हाला हवा तसाच निष्कर्ष सांगणारा मथळा. वरिष्ठांना तो धीर देऊन गेला आणि खालची ओळ तळाशीच राहिली. नुसता विषय लिहिला असता तर निदान खाली बघावं लागलं असतं.

सिग्मा५
हे मात्र खरं. +१

अर्धाकप
विधान चुकीचं होतं म्हणून विधानच नको? ‘चाचणी ३ घन इंचांची, तुकडा १९२० चा, हा अंदाज इथे लावता येत नाही’ हाही मथळाच झाला असता. तो लिहायची कोणाची छाती झाली असती का, हा वेगळा प्रश्न.

मातीपरीक्षक
वेगळा कसा? तोच तर प्रश्न आहे. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे उभा राहणारा पोरगा ‘तीनपैकी एका हंगामात फरक दिसला नाही’ असा मथळा टाकेल? गाइडच खोडतील. विषयाच्या मथळ्याचा त्याला आडोसा असतो. आलेख दाखवतो, मर्यादा तोंडी सांगतो, आणि वर कुठे लेखी अडकत नाही.

अर्धाकप
म्हणजे आडोशासाठी ऐकणाऱ्याला अंधारात ठेवायचं? गाइडला घाबरून पीएचडी करायची असेल तर करा, पण त्याला चांगलं सादरीकरण म्हणू नका.

निव्वळवाचक
वाद चालू द्या, पण माझं मंगळवारी प्री-सबमिशन आहे, म्हणजे प्रबंध जमा करण्याआधीचं सादरीकरण. २० मिनिटं, ३८ स्लाइड्स. काय करू?

सिग्मा५
अर्ध्याहून जास्त शेवटी राखीव ठेव, प्रश्न आला तरच उघडायच्या. प्रबंधातले तक्ते जसेच्या तसे चिकटवू नकोस. ज्या दोन ओळींवर बोलणार आहेस तेवढ्याच घे. आलेखाच्या अक्षांवरचे आकडे मोठे कर. लाल-हिरव्या रेषांऐवजी निळी-नारिंगी घे, एक तुटक काढ. काहींच्या डोळ्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, आणि आपल्याकडच्या जुन्या प्रोजेक्टरवर तो कोणालाच कळत नाही. आणि एकदा उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून बोल. मनातल्या मनात २० मिनिटं नेहमीच पुरतात.

निव्वळवाचक
आणि मथळे?

अर्धाकप
विधानं लिही. मर्यादांसकट.

मातीपरीक्षक
आधी समितीत कोण बसणार आहे ते विचारून घे.