मदत हवी आहे: ओपन सोर्समध्ये सुरुवात कुठून करायची?

नमस्कार मंडळी,

मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सी प्लस प्लस बऱ्यापैकी येतं, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कामापुरतं. ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, काहीतरी करायचंय. (प्लेसमेंटला उपयोग होईल हाही हेतू आहेच.) गिटहबवर (असे प्रोजेक्ट जिथे ठेवतात ती साइट) 'गुड फर्स्ट इश्यू' हे नवख्यांच्या कामांचं लेबल लावून शोधलं, तर जिथे तिथे आधीच 'मला असाइन करा' म्हणणाऱ्यांची रांग. मीही एकदोन ठिकाणी तसं लिहिलं, कोणी उत्तर दिलं नाही. सीनियर म्हणतात, रीडमीत (प्रोजेक्टची माहिती देणारी फाइल) काहीतरी बदल कर, पीआर (आपला बदल घ्या अशी विनंती) मर्ज झाला, म्हणजे स्वीकारला गेला, की झालं. ते काही पटत नाही.

प्रोजेक्ट निवडायचा कसा? आधी सगळा कोड वाचावा लागतो का? कॉलेजचे सगळे रिपोर्ट लिबरऑफिसमध्ये करतो, पण त्याच्या कोडचा पसारा बघूनच धडकी भरते. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

सीनियरांचं ऐकलं नाहीस ते उत्तम. २०२४च्या सुरुवातीला एक्सप्रेस जेएस या वेब सर्व्हर बनवायच्या ओपन सोर्स प्रोजेक्टवर काय झालं ते शोधून बघ. एका व्हिडिओत पीआर कसा करायचा हे त्याच्या रिपॉझिटरीवर (कोड ठेवलेल्या जागेवर) करून दाखवलं होतं. ते बघून मुलांनी रीडमीत स्वतःची नावं घालून पीआरचा पाऊस पाडला आणि प्रोजेक्ट सांभाळणारे मेंटेनर ते बंद करत बसले. त्यात आपल्याकडचीच मुलं जास्त होती, त्यामुळे नाचक्कीही आपलीच.

प्रोजेक्ट निवडायचा प्रश्न तर तुझा तूच सोडवला आहेस: लिबरऑफिस. रोज वापरतोस म्हणजे ते कुठे अडतं हे तुला ठाऊक आहे. कोडला हात लावायच्या आधी त्यांच्या बगझिलावर (बगच्या तक्रारी नोंदवायची साइट) जा. तिथे 'अनकन्फर्म्ड', म्हणजे अजून पडताळून न पाहिलेल्या, म्हणून पडून राहिलेल्या तक्रारी असतात. एखादी घ्यायची, सांगितलेल्या पायऱ्या आपल्या मशीनवर करून बघायच्या आणि कुठली आवृत्ती, कुठली ऑपरेटिंग सिस्टीम, काय दिसलं ते लिहायचं. यासाठी कोणी असाइन करण्याची वाट बघावी लागत नाही. हे काम करायला माणसं कायम कमी पडतात, आणि करता करता कुठला भाग कुठे आहे ते कळत जातं. सगळा कोड कोणीच वाचत नाही रे.

देवनागरीच्या तक्रारी खास बघ. २०१७च्या ५.३ आवृत्तीपासून अक्षरजुळणी सगळीकडे हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीवर गेली, तरी कर्सर जोडाक्षराच्या मधे कुठे थांबतो, 'दऱ्या'मधला र नीट उमटतो का, हे तपासायला मराठी वाचणारा माणूसच लागतो.

प्रतिसाद २

+१. कोडकडे वळलास की 'ईझी हॅक्स' बघ, नवख्यांसाठीच काढलेली कामं असतात. फक्त तिथे गिटहबचा पीआर चालत नाही, पॅच (कोडमधला आपला बदल) गेरिट या कोड तपासायच्या साइटवर टाकायचा. पहिल्या पॅचबरोबर लायसन्सचं निवेदन (माझा कोड प्रोजेक्टच्या लायसन्सखाली वापरा, असं) मेलिंग लिस्टवर पाठवावं लागतं, ते विसरू नकोस. रिव्ह्यूमध्ये सुधारणा सांगितल्या तर नवा पॅच न टाकता त्याच कमिटमध्ये (गिटमधली बदलाची नोंद) बदल कर आणि चेंज-आयडी, म्हणजे त्या पॅचचा ओळख क्रमांक, तोच ठेव. उत्तर यायला आठवडाही लागू शकतो. आठवण जरूर करावी, पण रोज नको.

धागाकर्ता

खूप आभार! एक शंका: माझ्या लॅपटॉपला ८ जीबीच रॅम आहे. लिबरऑफिसचा बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणं) होईल का?

प्रतिसाद १

पहिला बिल्ड रात्री लावून झोप, आणि एका वेळी चालणारे जॉब कमी ठेव. पण बग तपासायला बिल्ड लागतच नाही. रोजच्या तयार चाचणी आवृत्त्या डाउनलोडला असतात, नेहमीच्या लिबरऑफिसला धक्का न लावता शेजारी बसतात. आजच एक उतरवून घे.