मदत हवी आहे: हीटर नसलेल्या टाकीत रंगीत मासे कोणते ठेवावेत?

द्राक्षबाग:
घरच्या फिश टँकसाठी रंगीत मासे सुचवा. हीटर लावायचा नाही. रविवारी मुलाचा वाढदिवस आहे, त्याआधी मासे आणायचेत. एक दुकानदार म्हणतो काहीही न्या, दुसरा हीटरशिवाय मासेच द्यायला तयार नाही. फक्त नावं सांगा, लवकर.

सागरगोटे:
गाव कोणतं? टाकी केवढी? पाणी नळाचं की बोअरचं? रत्नागिरीला हीटरची गरजच नाही, महाबळेश्वरला मात्र आहे. हे कळल्याशिवाय नावं कशी सांगणार?

ठाणेकर_काका:
गोल्डफिश घ्या, डोळे मिटून. थंड पाण्याचाच मासा तो. आमच्याकडे वर्षानुवर्षं आहेत, हीटर कधी लावला नाही.

मेघदूत७:
हीटर का नको ते तरी सांगा. थर्मोस्टॅटवाला हीटर २५ अंशांना आपोआप बंद होतो. छोट्या टाकीला ५० वॉटचा पुरतो, बिलही फार येत नाही. तो लावा आणि टेट्रा, एंजल, हवे ते पाळा.

द्राक्षबाग:
हीटर नको म्हटलंय ना. निफाडजवळ मळ्यात राहतो. रात्री-अपरात्री लाइट जाते, मग तापवलेलं पाणी पहाटेपर्यंत गार. शिवाय धाकटी सारखी टाकीत हात घालते. टाकी दोन बाय एक बाय एक फूट. विहिरीचं पाणी. आता तरी नावं सांगा.

सागरगोटे:
निफाड! अहो, हे आधी सांगायला हवं होतं. थंडीच्या लाटेत तिथे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. अर्थात बंद खोलीतलं पाणी इतकं गार होत नाही. पहाटे पाण्यात थर्मामीटर बुडवून किती दाखवतो तेवढं कळवा.

पाटलीणबाई:
गप्पी आणा. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, डासांच्या अळ्या खातात म्हणून ते लोक फुकट देतात. आमच्या हौदात सोडले होते, डास गेले. निफाडकडे डेंग्यूचं कसं आहे सध्या?

रानवेल:
ताई, त्यांना डास मारायचे नाहीत, रंगीत मासे हवेत. हौदातल्या गप्पीच्या माद्या मातकट असतात. दुकानातले मोठ्या शेपटीचे गप्पी रंगीत असतात, पण गारव्यात नाजूक. पाणी १८ च्या खाली गेलं की पंख मिटून कोपऱ्यात बसतात.

द्राक्षबाग:
आज पहाटे १७ होतं. दुपारी २१. टाकी खिडकीला लागून आहे.

रानवेल:
मग आधी टाकी खिडकीपासून हलवा, आतल्या भिंतीला लावा. मासा हळूहळू आलेला गारवा सोसतो, एका रात्रीत पाणी चार-पाच अंशांनी उतरलं की आजारी पडतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात ते बहुतेक वेळा अशा धक्क्यानंतरच.
आता नावं. पहिला झेब्रा. आपल्याच देशातला, गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा. हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्ग-अभ्यासकाने १८२२ साली कोसी नदीतला म्हणून त्याची नोंद केली. हिवाळ्यात तिकडचं पाणीही गार पडतं आणि उन्हाळ्यात तापतं, त्यामुळे त्याला दोन्हीची सवय. निळ्या-सोनेरी पट्ट्यांचे सहा-आठ एकत्र सोडा, दिवसभर पळापळ करतात. लहान मुलांना हलणारा मासा आवडतो. दुसरा रोझी बार्ब. तोही उत्तर भारतातला. ऐन भरात आलेला नर तांब्यासारखा लाल दिसतो. चार-पाच पुरेत, कारण ते बोटाएवढे होतात.

चांदणी_पुणे:
व्हाइट क्लाउड राहिला की! चीनमधल्या ग्वांगझूजवळच्या डोंगरातला मासा, १५-१६ अंशांतही मजेत असतो. लाल शेपटी, अंगावर चमकदार रेघ. हीटर नसलेल्या टाकीसाठी जगभर हाच पहिला सांगतात.

रानवेल:
जगभर सांगतात ते थंड देशांतल्या घरांसाठी. निफाडला एप्रिल-मेमध्ये खोलीतलं पाणी तिशीच्या वर जाईल, तेव्हा व्हाइट क्लाउड तग धरत नाही. आपल्याकडे मासा थंडी आणि उन्हाळा दोन्हींचा विचार करून निवडावा लागतो.

चांदणी_पुणे:
माझ्याकडचे दोन उन्हाळे काढून आहेत. खालच्या मजल्यावर घर आहे, रोज टाकीवर छोटा पंखा लावते.

रानवेल:
पंखा लावायला लाइट हवी. त्यांच्याकडे तिचीच बोंब आहे.

द्राक्षबाग:
मुलाला दुकानातले गुलाबी-हिरवे पारदर्शक मासे हवेत. ते चालतील का? आणि मेहुण्याने दिलेले दोन गोल्डफिश सध्या टाकीत आहेत, त्यांच्याबरोबर राहतील ना?

सागरगोटे:
टाकीत आधीच मासे आहेत? कधीपासून?
त्या पारदर्शक माशांना सुईने रंग टोचलेला असतो. काही महिन्यांत तो उडतो, आणि टोचताना झालेल्या जखमांनी बरेच मरतात. मुलाला हे समजावून सांगा, पण ते घेऊ नका.
तुमची टाकी ५६ लिटरची, खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर पंचेचाळीसच्या आसपास पाणी. दोन गोल्डफिशनाच ती कमी पडते, वीतभर वाढतात ते. वर रोझी बार्ब त्यांच्या लांब शेपट्या कुरतडतील. गोल्डफिश मोठ्या टाकीवाल्या कुणाला तरी द्या.

ठाणेकर_काका:
गोल्डफिश कशाला द्यायचे? माझं ऐका, बाकीचं काही आणूच नका.

मोरपीस:
विहिरीत किंवा धरणात मात्र सोडू नका! उजनीत सकर मासा असाच पोचला. लोक घरातला नकोसा झालेला मासा पाण्यात सोडतात आणि मच्छीमारांची जाळी फाटतात. यावर वेगळा धागा काढायला हवा.

द्राक्षबाग:
टाकी दिवाळीपासून चालू आहे. गोल्डफिश चुलतभावाकडे देतो, त्याच्याकडे सिमेंटचा मोठा हौद आहे. झेब्रा आणि रोझी बार्ब ठरले. सगळे रविवारीच आणू?

रानवेल:
एकदम नको. दिवाळीपासून चालू आहे म्हणजे फिल्टरच्या स्पंजमध्ये माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू तयार झाले असतील. तो स्पंज धुऊन टाकू नका. रविवारी सहा झेब्रा आणा, रोझी बार्ब तीन आठवड्यांनी. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीतलं पाणी तिच्यात घाला. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसलं तर औषधाची गरज नाही. बदलायचं पाणी मात्र आदल्या दिवशी बादलीत भरून त्याच खोलीत ठेवा, पहाटेच्या विहिरीचं थेट ओतू नका. आणि थंडीत खाणं निम्मं करा, गार पाण्यात पचत नाही.

द्राक्षबाग:
ठीक. रात्री फिल्टरची मोटर बंद ठेवली तर चालेल का? आवाज येतो.

सागरगोटे:
नाही. ती बंद राहिली की जिवाणू मरतात. तुमच्याकडे लाइट जाते म्हणून सेलवर चालणारा एअर पंपही घेऊन ठेवा, तेवढ्यावर रात्र निघते. आवाज येत असेल तर मोटरखाली रबराचा तुकडा ठेवा.

पाटलीणबाई:
आमच्या हौदाला शेवाळ फार येतं. त्यावर काय करावं?